वार-नाळ तपासणीची सेवा: पाचपैकी चार

वार (प्लॅसेंटा) आणि नाळ मायक्रोस्कोपखाली तपासून रिपोर्ट देणाऱ्या पुण्यातल्या एका लॅबकडे मी गेली काही वर्षं नमुने पाठवते आहे. काम चोख, दर चढे, रिपोर्टला उशीर. तरी पाठवते तिथेच. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही येणार आहेत आणि आधीच्या लॅबचा विषयही निघणार आहे.

माझं बाळंतपणाचं हॉस्पिटल सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आहे. एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) माझ्याकडे नाही, तो पाऊण तासाच्या अंतरावर. बाळ रडलं नाही की बालरोगतज्ज्ञाला फोन, ॲम्ब्युलन्स, ऑक्सिजन सगळं एकाच वेळी सुरू होतं, आणि ट्रेमध्ये पडलेल्या वारेकडे बघायला कुणाला सवड नसते. ती पिवळ्या पिशवीत जायची की बरणीत, हे त्याच गडबडीत ठरवावं लागतं. पिशवीत गेली की संपलं, दुसऱ्या दिवशी बायोमेडिकल कचऱ्याची गाडी घेऊन जाते. म्हणून माझ्या सिस्टरना एक नियम घालून दिला आहे: पाणी (गर्भजल) हिरवं आणि बाळ सुस्त, अशी जोडी दिसली की मला न विचारता वार बाजूला ठेवायची.

'बाळानं पोटात शी केली' हे वाक्य आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. शेजारणीचं सिझर का झालं, बाळाला काचेत का ठेवलं, सगळ्याचं उत्तर तेच. शंभर बाळंतपणांत साधारण दहा-पंधरा वेळा त्या शीने पाणी हिरवं निघतं आणि त्यातली बहुतेक बाळं ठणठणीत असतात. दिवस पूर्ण भरले की आतडं पिकतं, म्हणून एकेचाळीस-बेचाळीस आठवड्यांना हिरवं पाणी जास्त दिसतं आणि चौतीस आठवड्यांच्या आत क्वचितच. नाळ थोडी दाबली गेली तरी बाळ शी करतं, प्राणवायू कमी पडला तरी करतं, आणि काहीच झालेलं नसलं तरी करतं. पाण्याचा रंग बघून यातलं काय झालं ते सांगता येत नाही. नाळेच्या रक्तवाहिन्या बघून थोडंफार सांगता येतं, आणि या लॅबला मी पैसे मोजते ते त्या थोड्याफारासाठी.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी आधी नाळेबद्दल. नाळेत तीन नळ्या असतात: दोन धमन्या आणि एक शीर. इथे कामं उलटी आहेत. शीर वारेकडून बाळाकडे प्राणवायू असलेलं रक्त आणते आणि धमन्या वापरलेलं रक्त परत नेतात. तिघींच्या भोवती व्हार्टनची जेली, हाताला थंड झालेल्या खळीसारखी लागते. त्यावर ॲम्नियनचं एक पातळ अस्तर, की लगेच गर्भजल. या नळ्यांच्या भिंतीत स्नायू भरपूर असतो, पण नाळेच्या बहुतेक लांबीत चेतातंतू नसतात. मोठ्या माणसाच्या जाड रक्तवाहिन्यांच्या भिंती पोसायला बारीक केशवाहिन्यांचं जाळं असतं, तेही इथे नाही. नळीतून वाहणाऱ्या रक्तातून जे झिरपेल त्यावरच तो स्नायू जगतो. म्हणजे भिंतीचा सगळ्यात बाहेरचा थर रक्तापासून सगळ्यात लांब आणि गर्भजलाला सगळ्यात जवळ. मेकोनियम, म्हणजे बाळाची ती पोटातली शी, जेलीतून झिरपत आलं की पहिला मार त्या थराला बसतो, आणि तोही नाळेच्या पृष्ठभागाकडे तोंड असलेल्या बाजूला आधी.

मेकोनियम काळपट हिरवं, चिकट, बिनवासाचं. आतड्याच्या अस्तराच्या गळालेल्या पेशी, गिळलेली लव, अंगावरचा चिकटा, श्लेष्मा, पित्तातली रंगद्रव्यं आणि पित्ताम्लं, शिवाय स्वादुपिंडाची विकरं, त्यातच फॉस्फोलायपेज ए२ सुद्धा. लंगोटात पडलं तर कुणाची तक्रार नाही. पण जिवंत स्नायूला या मिश्रणाशी तासन् तास संपर्क सोसत नाही. पित्ताम्लं रक्तवाहिन्या आवळतात ही गोष्ट आम्हाला दुसऱ्या वाटेनेही माहीत आहे: गरोदरपणात यकृतातलं पित्त साठून तळहात-तळपायांना खाज सुटते त्या आजारात आईच्या रक्तात पित्ताम्लं वाढतात, आणि वारेतल्या शिरांवर प्रयोगशाळेत ती घातली तर शिरा आकुंचन पावलेल्या दिसल्या आहेत.

आता या लॅबचा रिपोर्ट काय देतो ते एका नमुन्यावरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिलटकरीण, दिवस भरून वर आठवडा झालेला. संध्याकाळी कळा घेऊन आली. आदल्या दिवसापासून बाळ कमी फिरतंय असं तिने आल्या आल्या सांगितलं होतं, ते माझ्या नोंदीत आहे. सीटीजीवर (बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणाऱ्या मशीनवर) ठोक्यांची रेघ सपाट, चढउतार जवळपास नाही. पाणमोट फोडली तर पाणी थोडंसंच आणि पिवळ्या वाटाण्याच्या आमटीइतकं दाट. तासाभरात सिझर. बाळ निळसर, ढिलं. पिशवी-मास्कने श्वास द्यावा लागला, मग ॲम्ब्युलन्स. नाळ हिरवट पिवळी, पुसली तरी रंग जात नव्हता. नखंही पिवळी. नाळेच्या धमनीतलं रक्त पीएचसाठी (रक्ताची आम्लता बघायला) काढलं, नाळ दोन चिमट्यांमध्ये ठेवली आणि वारेसकट बरणीत गेली.

रिपोर्ट आला तो दोन पानी. त्यातला नाळेचा भाग माझ्या शब्दांत असा: तिन्ही नळ्या आहेत. नाळेच्या दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या छेदांत शिरेच्या आणि एका धमनीच्या बाहेरच्या स्नायुथरात पेशी मेलेल्या. जेलीत आणि ॲम्नियनखाली पिवळट तपकिरी कण पोटात घेतलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या, पेशी. कणांना लोहाचा निळा रंग चढत नाही, म्हणजे ते जुन्या रक्तस्रावाचे नाहीत. संसर्गाच्या खुणा नाहीत. सोबत दोन फोटो.

त्या फोटोंपैकी एक अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे, शिकाऊ डॉक्टर आले की दाखवते. निरोगी स्नायुपेशी लांबट असतात, एकमेकींना खेटून नळीभोवती वळसा घेत जातात. फोटोत भिंतीचा आतला मोठा भाग अगदी तसाच आहे. बाहेरच्या कडेला, एकाच बाजूला, चित्र बदलतं. तिथल्या पेशी आखडून गोल झाल्या आहेत, एकमेकींपासून सुटल्या आहेत, रंगाने भडक गुलाबी. केंद्रकं काही पेशींत काळ्या ठिपक्याएवढी उरली आहेत, काहींत नाहीतच. भिंतीला भोक नाही, गुठळी नाही, सूज नाही. घाईत बघणारा पॅथॉलॉजिस्ट 'त्रिवाहिनी नाळ, ठीक' लिहून पुढे जाईल. आमच्या आधीच्या लॅबमध्ये नेमकं तेच व्हायचं, त्याबद्दल पुढे.

संसर्ग नाही, हे इतक्या ठामपणे कसं लिहिलं, असं मी त्यांच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन करून विचारलं. (ही या सेवेची सगळ्यात मोठी जमेची बाजू: फोन त्या स्वतः उचलतात.) त्यांचं उत्तर मला फार आवडलं. संसर्गात बाळाच्या पांढऱ्या पेशी नळीच्या आतून बाहेर, गर्भजलाच्या दिशेने निघालेल्या दिसतात. इथे सगळी हानी बाहेरून आत येते आणि पांढऱ्या पेशी वाटेत नाहीत. दोन्ही एकदम असू शकतं, या नमुन्यात नव्हतं. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा वारांतल्या रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींत अपॉप्टोसिसच्या, म्हणजे पेशी स्वतःच स्वतःला मिटवते त्या प्रक्रियेच्या खुणा सापडल्या होत्या. मेकोनियमने पेशी नुसती जळत नाही, तिला मरणाचा हुकूम मिळतो, असं मॅडम म्हणाल्या.

नातेवाइकांना यातलं काहीच नको असतं. त्यांचा प्रश्न एकच: हे कधी झालं? आणि इथेच हा रिपोर्ट पैसे वसूल करून देतो, फक्त वाचणाऱ्याने तो हावरटपणे वाचू नये.

वेळेचे ठोकताळे जुने आहेत. १९५६ मध्ये मर्डिना डेस्मंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बाळाची नखं पिवळी व्हायला चार ते सहा तास लागतात आणि अंगावरचा चिकटा पिवळा पडायला बारा ते चौदा. १९८५ मध्ये मिलर, कोएन आणि बेनिर्श्के यांनी वारेची आवरणं प्रयोगशाळेत मेकोनियममध्ये ठेवून पाहिली: साधारण तासाभरात ॲम्नियनमधल्या मॅक्रोफेजमध्ये रंग दिसला, तीन तासांत त्याखालच्या कोरिऑनमध्ये. हे आकडे भांड्यातल्या आवरणांचे आहेत, गर्भाशयातल्या नव्हेत, तिथे पाणी कमी-जास्त असतं, मेकोनियम दाट-पातळ असतं, बाळ दोनदा शी करू शकतं. आवरणात रंग आहे एवढ्यावरून फार तर 'नुकतीच नाही' इतकंच म्हणता येतं. नाळेच्या स्नायूचा मृत्यू मात्र तासा-दोन तासांत होत नाही. त्याला बराच काळ, बहुधा अर्ध्या दिवसाहून जास्त, भिजत राहावं लागतं.

त्या पहिलटकरणीच्या बाबतीत याचा अर्थ सरळ होता. ती माझ्या दारात आली तेव्हा नाळ आधीच कितीतरी तास त्या पाण्यात होती. पाणी थोडं होतं म्हणजे मिश्रण आणखी कडक. आदल्या दिवशी बाळ मंदावलं होतं हे तिचं म्हणणं आणि स्लाइडवरची ती गुलाबी कड एकमेकांना धरून होती.

लॅबच्या रिपोर्टमध्ये मात्र 'अमुक तास' असं लिहिलेलं नव्हतं. 'दीर्घकाळ संपर्काशी सुसंगत' इतकंच. तासांचा आकडा छापून मागणारे डॉक्टर असतात, विशेषतः ग्राहक आयोगाची नोटीस खिशात असलेले. मॅडम देत नाहीत. मला हे पटतं.

आता वादाचा भाग, कारण या विषयावर सगळं ठरून गेलेलं नाही आणि रिपोर्ट विकत घेणाऱ्याने ते जाणून घेतलं पाहिजे. ओक्लाहोमाचे पॅथॉलॉजिस्ट जेफ्री आल्टशुलर यांनी १९८९ मध्ये सहकारी हाइड यांच्यासोबत नाळेच्या शिरेचे तुकडे मेकोनियमच्या द्रावणात ठेवले आणि ते आकुंचन पावताना पाहिले. त्यांचं म्हणणं असं की शीर आवळली तर बाळाकडे जाणारं प्राणवायूचं रक्तच कमी होणार, मेंदूसकट सगळीकडे. मग १९९२ मध्ये त्यांनी नाळेतल्या स्नायूचा मृत्यू आणि जेलीवरचे व्रण असलेल्या नमुन्यांची मालिका मांडली आणि त्या बाळांची वाईट अवस्था या जखमेशी जोडली. तोवर सगळे मेकोनियमकडे बाळाच्या त्रासाचं लक्षण म्हणून बघत होते. आल्टशुलर म्हणाले, ते स्वतःही त्रास देतं. पुढे क्लीव्हलंडच्या रेमंड रेडलाइन यांनी पूर्ण दिवसांच्या, मेंदूला इजा झालेल्या बाळांच्या वारा तपासल्या तेव्हा जी मोजकी गंभीर रक्तवाहिन्यांची दुखणी ठळकपणे जास्त सापडली, त्यांत मेकोनियमने झालेला हा स्नायुमृत्यू होता.

पण दुसरीही बाजू आहे. नव्वदच्या दशकात दुसऱ्या एका गटाने नाळेच्या रक्तवाहिन्यांना आकुंचन आणणारं रसायन दिलं, तर मेकोनियमच्या सान्निध्यात त्या उलट कमी आवळल्या. स्नायू आधी आवळतो आणि मग निकामी होऊन ढिला पडतो, की मेकोनियमची मात्रा ठरवते, की प्रयोगशाळेतला सुटा तुकडा आणि रक्त वाहणारी नाळ यांतच फरक आहे, यावर एकमत नाही. शिवाय नेहमीचा पेच: प्राणवायू कमी पडला म्हणून शी झाली, की शी झाली म्हणून नाळ बिघडली आणि प्राणवायू कमी पडला? दोन्ही एकमेकांना ढकलत असावेत असं माझं मत. स्लाइड एवढंच दाखवते की संपर्क झाला, लांबला आणि स्नायू मेला. बाळाला पुढे झटके येतील का, चालेल का, हे ती सांगत नाही. रिपोर्टखाली तशी एक ओळ असतेही, पण इतक्या बारीक अक्षरात की कुणी वाचत नाही. ती ठळक करा, हे मी त्यांना कळवलं आहे.

आधीची लॅब जवळची होती, स्वस्त होती, तीन दिवसांत रिपोर्ट द्यायची. रिपोर्ट असा: 'वार, वजन इतकं, नाळेत तीन वाहिन्या, विशेष काही नाही.' एकदा मी फोन करून विचारलं, नाळेचे किती छेद घेतले? एक. कुठून? उत्तर नाही. २०१४ च्या ॲमस्टरडॅम बैठकीत जगभरच्या वार-तज्ज्ञांनी किमान नमुना कसा घ्यावा हे ठरवलं, ते २०१६ मध्ये छापूनही आलं: नाळेचे दोन छेद, एक बाळाकडच्या टोकाचा आणि एक वारेला जोडली जाते तिथून साधारण पाच सेंटिमीटरवरचा, आवरणाची एक गुंडाळी, वारेच्या पूर्ण जाडीचे तीन तुकडे. मेकोनियमची जखम नाळभर सारखी नसते, ठिगळाठिगळाने असते. एका छेदात ती सुटली तर लॅबचा दोष नाही, पण एकच छेद घेणं हा दोषच. पुण्याची लॅब दोन घेते, आणि नाळ हिरवी आहे असं मी फॉर्मवर लिहिलं तर ज्यादा पैसे न घेता आणखी दोन-तीन.

फॉर्म हे मात्र एक प्रकरण आहे. दोन्ही बाजूंनी भरलेलं पान: आठवडे, पाण्याचा रंग आणि दाटपणा, पाणमोट कधी फुटली, अपगार (जन्मताच बाळाच्या अवस्थेला दिलेले गुण), नाळेच्या रक्ताचा पीएच, बाळाचं वजन, आईचा ताप, मधुमेह, रक्तदाब. सुरुवातीला मला वैताग यायचा. बाळ ॲम्ब्युलन्समध्ये आणि मी इथे चौकटी भरत बसू? पण रिकामा फॉर्म गेला तर नमुना थांबवून ठेवतात, आणि बरोबरच करतात. पिवळा कण मेकोनियमचा की लोहाचा, हे ठरवताना आईला आधी रक्तस्राव झाला होता का ते माहीत असावंच लागतं.

किट चांगली आहे. रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी, दहा टक्के फॉर्मालिन, दोन जाड पिशव्या, लेबलं. पत्रकही येतं, आणि ते मराठीत आहे, सिस्टरसाठी लिहिलेलं आहे, हे विशेष. वार धुवू नका. ताजी ठेवायची तर चार अंशांच्या फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये कदापि नाही, गोठली की पेशी फुटतात. लसींच्या फ्रिजमध्ये ठेवू नका हे आमच्यासाठी लिहायची गरज नव्हती, कुणासाठी तरी असेल. नाळ कापून फेकू नका, आणि बाळाच्या पोटाजवळचा तुकडा शक्य असेल तर वेगळा बांधा. हे शेवटचं आमच्याकडून सुरुवातीला होत नसे. नाळेचा बराचसा भाग बालरोगतज्ज्ञ चिमटा लावून कापतात आणि तो ट्रेखाली पडतो. आता एक लहान डबी वेगळीच ठेवलेली असते.

वाहतूक ही खरी डोकेदुखी. कुरिअरवाला बरणीत पाणी बघितलं की नाक मुरडतो, आणि फॉर्मालिन सांडलं तर गाडीभर डोळे चुरचुरतात, त्याचंही चुकत नाही. म्हणून पूर्ण भिजून घट्ट झालेली वार बरणीतून काढून फॉर्मालिनने ओल्या गॉजमध्ये गुंडाळायची, दोन पिशव्यांत बांधायची आणि मग पाठवायची, अशी युक्ती लॅबनेच सांगितली. चालते. पण एवढ्या लांबच्या डॉक्टरांकडून काम घेता तर सांगली-कोल्हापूरकडून आठवड्यातून एकदा नमुने गोळा करायला माणूस ठेवा. कितीदा सांगितलं, 'विचार करतो' याच्यापुढे गाडी जात नाही.

दर: गर्भाशयाच्या पूर्ण नमुन्याला जे घेतात त्याच्या दीडपट. तीन-चार तासांचं काम आहे हे मान्य, पण ज्या घरात बाळ एनआयसीयूत आहे त्या घराला हे सांगताना माझी जीभ जड होते. निम्मे मी भरते. वेळ: दोन ते तीन आठवडे. बाळाचा मेंदू वाचवण्यासाठीचा थंडाव्याचा उपचार, म्हणजे बाळाचं अंग साडेतेहेतीस अंशांवर बहात्तर तास ठेवणं, जन्मानंतर सहा तासांत सुरू करावा लागतो. तो निर्णय या रिपोर्टवर अवलंबून नाही आणि नसावा. त्यामुळे उशिराचं बाळाला नुकसान नाही, पण आई डिस्चार्ज होऊन माहेरी गेलेली असते आणि रिपोर्ट समजावायला तिला परत बोलवावं लागतं. तीन आठवडे त्या घरात काय काय बोललं जातं, ते मी ऐकलेलं आहे.

त्या पहिलटकरणीचं कुटुंब आलं तेव्हा सासूबाई आधी बोलल्या. "मॅडम, ही शेवटपर्यंत वाकून धुणं धुवत हुती. मी नको म्हनत हुते. त्यानंच झालं न्हवं?" सून खाली बघत बसलेली. मी फोटो मोबाइलवर मोठा करून समोर धरला, आतली चांगली कड दाखवली, बाहेरची बिघडलेली दाखवली. म्हटलं, "काकू, धुण्यानं असं होत नाही. दिवस वर गेले, पाणी कमी झालं, बाळानं आत शी केली आणि नाळ त्यात बराच वेळ भिजली. हे तुमच्याही हातात नव्हतं, तिच्याही." नवऱ्याने विचारलं, "आदल्या दिवशीच आलो असतो तर?" तर ठोके आदल्या दिवशी बघता आले असते, हे मी सांगितलं. त्याने काय फरक पडला असता, ते या कागदात नाही, हेही सांगितलं. पुढच्या खेपेला बाळ कमी फिरलं की तासाभरात यायचं आणि दिवस वर जाऊ द्यायचे नाहीत, एवढं तिघांच्याही मनावर ठसवून पाठवलं.

प्रत्येक हिरव्या पाण्याची वार पाठवू नका. पातळ हिरवं पाणी, रडकं गुलाबी बाळ, मग काही नको, पैसे वाचवा. दाट मेकोनियम आणि बाळ एनआयसीयूत गेलं, झटके आले, पीएच सातच्या खाली निघाला, नाळ स्वतःच हिरवी पडलेली दिसली, बाळ पोटातच दगावलं, वाढ खुंटलेली होती, अशा वेळी पाठवा. नाळेवर लांबट व्रण किंवा रक्ताळलेली जागा दिसली तर फॉर्मवर वेगळं लिहा आणि फोनही करा. मेकोनियमने असे व्रण पडू शकतात, आणि आतडं वरच्या भागात बंद असलेल्या बाळांतही नाळेवर व्रण आढळले आहेत, तेव्हा बाळाच्या पोटाकडे लक्ष ठेवायला बालरोगतज्ज्ञालाही सांगायला हवं. वार घरी नेऊन पुरायची असं घरच्यांनी म्हटलं तर आधीच बोलून घ्या. आमच्या भागात अजून बरेच लोक मागतात. लॅब तपासणीनंतर उरलेली वार परत देत नाही, फॉर्मालिनमधली पुरूही नये.

एक तारा कापला तो उशीर, वाहतूक आणि त्या बारीक अक्षरातल्या ओळीसाठी. बाकी ज्यांना पाठवायची त्यांनी शुक्रवार-शनिवारी पार्सल देऊ नका. रविवारी ते गोदामात पडून राहतं, आणि मे महिन्यात ताज्या वारेचं काय होतं ते लॅबवाले फोनवर जरा कडक शब्दांत ऐकवतात.